बासष्टावा पेला

सान एपिफानियोच्या चौकात उतरल्याबरोबर माणसं माना वर करतात. गुलाबी दगडाचं देऊळ, त्याचे दोन मनोरे, भोवती रंगवलेल्या कमानी, लोखंडी नक्षीचे सज्जे. मेक्सिकोच्या डोंगरात, स्पेनच्या राजाच्या अमलात वसलेलं हे चांदीचं शहर फोटो काढण्यासाठीच बांधलंय की काय असं वाटावं. खाली मात्र कोणी बघत नाही. बघितलं तर दिसतं की देवळाच्या शेवटच्या पायरीपासून मधल्या दगडी हौदापर्यंत फरशीवर एक काळपट तपकिरी पट्टा आहे. चाळीस पावलं लांब, दोन माणसं शेजारी चालतील एवढा रुंद. पाऊस येऊन जातो, पालिकेची माणसं ब्रश घासून थकतात, पट्टा हलत नाही. पर्यटन खात्याने शेजारी पाटी लावली आहे: ‘चॉकलेटचा उत्सव. येथील भाविक दर वर्षी भूमातेला चॉकलेट अर्पण करतात.’ पाटी मोठी गोड आहे. खरी असती तर किती बरं झालं असतं.

उत्सव जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असतो. हुपरीचे बाबगोंडा मगदूम नेमके त्याच दिवशी तिथे पोचले. चाळीस वर्षं पैंजण घडवले, मग दुकान मुलाच्या हवाली केलं आणि मेक्सिकोत नोकरी करणाऱ्या लेकीकडे, त्रिशलाकडे, दोन महिने राहायला आले. ‘अण्णा, तुम्हाला चांदीचं गाव दाखवते,’ म्हणून ती त्यांना घेऊन आली होती. पायरीवर उभा राहून एक माणूस एकेक नाव पुकारत होता, आणि गावातलं एकेक जण पुढे होऊन काठोकाठ भरलेला मातीचा पेला उचलून हौदाकडे चालत होतं. पाहुण्यालाही मान द्यायची रीत आहे. ‘एवरिस्तो!’ असा पुकारा झाला आणि पेला अण्णांच्या हाती आला.

अण्णांना शाळेतली लिंबू-चमच्याची शर्यत आठवली. पुढे चाललेली माणसं भसाभसा सांडतायत हे त्यांनी पाहिलं होतं, आणि काय ही धांदरट माणसं, असंच त्यांच्या मनात आलं होतं. जन्मभर केसाएवढ्या तारा जोडलेला हात. जीभ दातांत धरून, नजर पेल्यावर ठेवून ते चालले आणि हौदापाशी पोचून पेला उंच धरला.

“बघ गं त्रिशला, एक थेंब तरी सांडलाय काय?”

कोणी टाळी वाजवली नाही. चौकातली कुजबुज थांबली. मग कमानीखालून एक म्हातारी काठी टेकत आली. डोन्या प्रिस्का, म्हणजे प्रिस्काबाई, तिचं नाव. वय शहात्तर, गळ्यात वाटाड्याचा बिल्ला, आणि गावातल्या बाकीच्या वाटाड्यांना ती पोरंटोरं समजते. तिने अण्णांच्या हातातला पेला काढून घेतला, पट्ट्यावर पालथा केला आणि काहीतरी पुटपुटली.

“काय म्हटली ती?” अण्णांनी विचारलं.

“म्हणाली, एवरिस्तो, या वर्षीही तू आजारी आहेस.”

अण्णा ओशाळले. चूक काय झाली ते कळेना, पण झाली हे कळलं. प्रिस्काने त्यांना हौदाच्या कठड्यावर बसवलं, पाटीकडे काठी रोखून एक शिवी हासडली, ती त्रिशलाने भाषांतरित केली नाही, आणि मग म्हातारीने सांगायला सुरुवात केली. ती जे सांगते ते असं.

अडीचशे वर्षांपूर्वी या गावात देवळाहून मोठी एकच वास्तू होती म्हणे: डॉन बाल्तासार या मालकाचं चांदीचं आवार. डोंगरातून निघालेला दगड तिथे दळत, त्याचा चिखल करून फरसबंद अंगणात गुडघाभर पसरत, वर मीठ आणि पारा टाकत. मग खेचरं आणि माणसं तो चिखल तुडवत. अनवाणी, सहा सहा आठवडे. पारा चांदीला धरतो. पुढे विस्तवावर पारा उडवून दिला की चांदी उरते. पण पारा सगळा उडत नसे, थोडा माणसांत उतरे. आधी हिरड्या सुजत, मग दात हलत, मग हात थरथरायला लागत. खेचर पायातून गेलं की दुसरं आणत. माणसांचंही तसंच, फरक इतकाच की खेचराचे पैसे पडत.

अशी बासष्ट माणसं त्या आवाराला बांधलेली होती. सोडून जायची मुभा नव्हती. त्यांतलाच एक नासारिओ, आणि हासिंता त्याची बायको.

हासिंता मालकाच्या स्वयंपाकघरात चॉकलेट करी. कोको पाट्यावर वाटायचा, गरम पाण्यात कालवायचा, आणि लाकडी रवी दोन्ही तळव्यांत धरून घुसळायचा. हे सगळ्याच करत. पण हासिंताने रवी फिरवली की फेस असा यायचा, की पेला अर्धा भरला तरी वर शिगोशीग दिसायचा आणि पाव घटका मोडायचा नाही. दूरदूरचे पाहुणे तिच्या फेसाचं नाव काढत. तिलाही त्याचा अभिमान होता. का नसावा? त्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

घरी मात्र वेगळं चित्र होतं. दोन वर्षं झाली, नासारिओच्या हातून चमचा तोंडापर्यंत जात नव्हता. संध्याकाळी ती दार लावून घेई आणि त्याला भरवी. दार लावायचं कारण शेजाऱ्यांना दिसू नये. नासारिओ मानी होता, हात सदऱ्यात खुपसून गप्पा मारायचा, हसायचा, कोणी काही दिलं तर ‘ठेव तिथे’ म्हणायचा. त्या वस्तीत संध्याकाळी सगळीच दारं लागलेली असत. प्रत्येक दाराआड एकेक बाई नवऱ्याला भरवत होती आणि बाहेर येऊन ‘आमचे हे ठणठणीत’ म्हणत होती. कारण कारभारी उर्बानोने एकदा सांगून ठेवलं होतं, ज्याचा हात थरथरेल त्याची झोपडी जाईल.

आणि मग राजाचा हुकूम आला. पाऱ्याने ज्याचे हात गेले असतील त्याला आवारातून मोकळं करावं, डोंगरउतारावर घरापुरती आणि मक्यापुरती जमीन द्यावी, आणि मालकाने त्याच्यावर कसलाही हक्क सांगू नये. हुकूम देवळात वाचला गेला. पण वाचला तो स्पेनच्या भाषेत, आणि वाचला तेव्हा बासष्ट माणसं चिखलात होती. उर्बानोने त्यांना त्याचा अर्थ आपल्या पद्धतीने सांगितला: “राजाचा तपासनीस येतोय. हात बघणार आहे. सांभाळून राहा.”

खरा अर्थ वस्तीत एकाच माणसाला ठाऊक होता. हासिंताला. मालकाच्या मेजावर चॉकलेट ठेवताना तिने तो ऐकला होता, आणि त्या घरात राबून तिला मालकाची भाषा समजत होती.

तपासनीस आला. माणूस वाईट नव्हता म्हणे, घाईत होता. त्याला आणखी नऊ गावं करायची होती. पहिल्याच सकाळी तो हासिंताचं चॉकलेट प्याला आणि पेला खाली ठेवत खूश होऊन म्हणाला, “तोंडाला काय विचारायचं, तोंड खोटं बोलतं. आपण हाताला विचारू. प्रत्येकाला असा भरलेला पेला द्या. पायरीपासून हौदापर्यंत न पिता न्यायचा. दगडावर थेंब पडला की तो आजारी. रविवारी, सगळ्या गावादेखत.”

डॉन बाल्तासारने मान डोलावली. तपासनीस झोपायला गेल्यावर त्याने हासिंताला बोलावलं. हा माणूस कधी आवाज चढवत नसे. चढवायची गरजच पडत नसे.

“तुझ्या फेसाखाली चॉकलेट किती असतं हे वरून दिसत नाही, नाही का?”

“नाही, धनी.”

“मग रविवारी निम्मंच असू दे. वरून सगळे काठोकाठ दिसायला हवेत. नुसता फेस सांडत नाही.”

हासिंताला सगळं समजलं होतं, आणि तिला समजलंय हे त्यालाही समजलं होतं.

“तुझा नवरा माझ्याकडे किती वर्षं आहे?”

“अकरा.”

“त्याचा पेला तू खरोखर भर. पुरता. सांडेल, मोकळा होईल, डोंगरावर जाईल. तूही जा त्याच्याबरोबर. एक माणूस मी सोडू शकतो. बासष्ट नाही. आणि कुठे बोललीस, तर सोमवारी तो खाणीच्या सर्वांत खालच्या तळाशी असेल.”

तिने हो म्हटलं. इथे प्रिस्का नेहमी थांबते आणि पाहुण्यांच्या तोंडाकडे बघते. एखादी बाई चुकचुकते, एखादा पुरुष मान हलवतो. प्रिस्का म्हणते, तुम्ही काय म्हटलं असतं ते मला सांगू नका, मला खोटं ऐकायचा कंटाळा आलाय.

रविवारपर्यंत तिला मालकाच्या घरातच ठेवलं होतं. मात्र शनिवारी प्रार्थनेला जाऊ दिलं, आणि देवळात नासारिओ तिच्या शेजारीच गुडघे टेकून होता. हात सदऱ्यात. कानाशी एक वाक्य बोलायची सवड होती. ‘उद्या सांड,’ एवढंच. ती बोलली नाही. बोलली असती तर त्याने का म्हणून विचारलं असतं, आणि कळल्यावर तो एकटा मोकळा व्हायला कबूल झाला नसता. दुपारपर्यंत सगळ्या वस्तीला सांगून आला असता. त्याच्या पोटात काही राहत नसे. शिवाय सांगायची गरज तरी काय होती? ज्या हाताला चमचा पेलत नाही, त्या हातात काठोकाठ पेला! तिसऱ्या पावलाला सांडणार याची तिला खात्री होती. त्याचे हात तिच्याएवढे कोणाला ठाऊक होते?

रविवारी चौक भरला. सज्ज्यात तपासनीस आणि मालक बसले. खाली एक कारकून दगडांवर नजर लावून उभा राहिला. पायरीवर मोठं भांडं, आणि भांड्याशी हासिंता. ती रवी फिरवी, पेल्यात निम्मं ओती, वर फेसाचा डोंगर रची आणि पुढे करी. पहिला गेला. कोपरं बरगड्यांना चिकटवून, घामाघूम होऊन गेला. पेला थरथरत होता, फेस डुलत होता, पण दगड कोरडे राहिले. दुसरा गेला. दहावा गेला. प्रत्येकाला पेला हातात घेताच कळे की तो हलका आहे, आणि प्रत्येक जण हासिंताकडे असा बघे की तिला मान खाली घालावी लागे. त्यांना वाटत होतं, ही आपली झोपडी वाचवतेय.

मग नासारिओ आला. हासिंताने त्याचा पेला भांड्यात बुडवून भरला. वर फेस नव्हताच, जागाच नव्हती. वाफ येत होती. त्याने दोन्ही हात पुढे केले, पेला घेतला, आणि वजन लागल्यावर क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग त्याने काय केलं, तर पेला छातीशी आवळून धरला. दोन्ही हातांनी, हनुवटी वर टेकवून, लेकराला घेतात तसा. आणि चालू लागला.

पेला हिंदकळत होता. जे उसळत होतं ते सदऱ्यात जात होतं, कातडीवर, कढत. तो थांबला नाही. तोंडातून आवाज नाही. चाळीस पावलं हासिंता त्याच्या पाठीकडे बघत होती आणि मनात म्हणत होती, सांड, अरे सांड. हौदापाशी पोचून त्याने पेला कठड्यावर ठेवला. कारकून वाकून बघत मागे मागे गेला. दगड कोरडे होते.

“निरोगी,” कारकून म्हणाला.

तपासनीस जायला निघाला तेव्हा हासिंता रिकामे पेले गोळा करून जिन्यापाशी उभी होती. तो तिच्यासमोर थांबला. म्हणाला, “बाई, असा फेस मी माद्रिदमध्येही पाहिला नाही.” त्या वेळी ती बोलू शकत होती. राजाचा माणूस हातभर अंतरावर होता. पण तिला वाटलं, मालकाने शब्द दिलाय, तो काहीतरी करील. तिने नमस्कार केला. खेचरं वळणाआड गेली, आणि मग ती मालकाकडे गेली.

डॉन बाल्तासार म्हणाला, “मी तुला पेला भरू दिला. तू भरलास. सांडायचं काम त्याचं होतं.”

ती घरी आली. वाटेत माणसं तिचे हात हातात घेत होती. कोणी दारात पेरू ठेवून गेलं होतं, कोणी अंडी. एवरिस्तोची बायको तिच्या गळ्यात पडून रडली, “तुझ्यामुळे डोक्यावर छप्पर राहिलं गं.” हासिंताला ‘नाही’ म्हणायलासुद्धा तोंड उरलं नव्हतं.

नासारिओ खाटेवर बसला होता, सदरा उघडा. छातीपासून पोटापर्यंत कातडी लाल होऊन फोड आले होते. आणि तो हसत होता. किती दिवसांनी इतका मोकळा हसत होता.

“एक थेंब नाही पडू दिला,” तो म्हणाला. “सगळ्यांना निम्मा दिलास ना? हातात घेताच कळलं मला, माझा भरलेला आहे. म्हटलं, बरोबरच आहे. मालक वरून बघतोय, नवऱ्याला सवलत दिली असं कोणी म्हणायला नको. बाकीच्यांना वाचवायचं तर आपल्या माणसाचा भरून दाखवायलाच हवा. मग म्हटलं, तिने एवढं केलंय, तर आता माझ्यामुळे तिची मान खाली जाता कामा नये.”

हासिंताने फोडांना लोणी लावलं. दार लावलं. त्याला भरवलं.

सोमवारी बासष्ट माणसं पुन्हा चिखलात उतरली. कारण काय, तर ती निरोगी होती. राजाच्या वहीत तसं लिहिलं होतं, मोहोर होती. पुढे ज्यांना हुकमाचा खरा अर्थ कुठून कुठून कळला ते कारभाऱ्याकडे गेले, तेव्हा त्याने त्यांना वहीच दाखवली. दुसरा तपासनीस कधी आला नाही. नासारिओ त्यानंतर दीड वर्ष जगला. शेवटी शेवटी त्याला बोलता येत नव्हतं, जीभही थरथरायची. छातीवरचा डाग मात्र तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवी आणि बायकोकडे बोट करी.

तो गेला त्या दिवशी वस्तीतल्या बाया चॉकलेट घेऊन हासिंताकडे बसायला आल्या. तोवर बासष्टांतले एकोणीस गेले होते, आलेल्यांतल्या बहुतेक जणी विधवाच होत्या. त्या तिला धीर देऊ लागल्या. तू सगळ्यांचं केलंस, तुझ्यावर ही वेळ का यावी, असं म्हणाल्या. तेवढं मात्र तिला सहन झालं नाही. तिने सगळं सांगितलं. हुकूम, फेस, मालकाशी झालेली बोली, देवळात न बोललेलं वाक्य. काही राखून ठेवलं नाही.

कोणी ओरडलं नाही. कोणी अंगावर धावून गेलं नाही. बायांनी हातातले पेले जमिनीवर ठेवले आणि एकेक करून निघून गेल्या. सात महिने तिच्याशी कोणी बोललं नाही. विहिरीवर ती आली की बाया घागर अर्धी असताना उचलून चालू लागत.

जानेवारीतला तिसरा रविवार आला तेव्हा त्या तिच्या दारात उभ्या राहिल्या. पुढे एवरिस्तोची बायको दोरोतेआ. तोवर एवरिस्तोही गेला होता. त्यांनी हासिंताला देवळाच्या पायरीपाशी नेलं. तिथे पेले मांडले होते, काठोकाठ, बिनफेसाचे. दोरोतेआ म्हणाली, “आमच्या माणसांचं सांडायचं राहून गेलंय. आता तू सांड.”

गेलेल्या प्रत्येकाचं नाव घेतलं गेलं आणि प्रत्येक नावाला हासिंता पायरीपासून हौदापर्यंत चालली. पण तिचे हात धड होते. तिने पारा कधी शिवला नव्हता. पेला हातात घेतला की तो स्थिर राही, थेंब हलेना. लटकं कापावं म्हटलं तरी जमेना. तेव्हा तिला पेला तिरका करून, दिसेल असा, मुद्दाम सांडावा लागला. प्रत्येक माणसासाठी पुन्हा पुन्हा, आपल्या ठणठणीत हातांनी. बाया दोन्ही बाजूंना उभ्या राहून दगड ओले होताना बघत होत्या.

सगळ्यांचे झाल्यावर तिने एक पेला स्वतः भरला. नासारिओचा. तो उचलणार तेवढ्यात दोरोतेआने त्यावर तळवा ठेवला.

“हा नाही.”

“तोही गेलाय. तोही आजारी होता. मी त्याला माझ्या हाताने भरवत होते.”

“त्याने सांडला नव्हता. तुझ्यासाठी सांडला नव्हता. आमच्या माणसांना ठाऊक नव्हतं, पण तुला ठाऊक होतं. त्याचा पेला तू सांडलास तर तो सुटेल, आणि त्याच्याबरोबर तूही सुटशील.”

हासिंता तिच्या पाया पडली असं सांगतात. चौकातल्या फरशीवर लोळण घेतली असंही कोणी सांगतात. दोरोतेआने तळवा काढला नाही. पेल्यातून वाफ येत होती, तिचा हात भाजत होता, तरी काढला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. माणसं जात राहिली, पेले वाढत गेले, चौदाव्या वर्षी पुरे एकसष्ट झाले. हासिंता म्हातारी झाली, दोरोतेआ मरून गेली, आवाराला टाळं लागलं, पण दर वर्षी ती शेवटचा पेला भरून विचारी आणि गाव नाही म्हणे. मरताना तिने पाद्र्यापाशी एकच मागणं ठेवलं होतं: मी गेल्यावर तरी तो सांडा, आता माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. पाद्र्याने ते चौकात सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि घरी गेले.

प्रिस्काचं सांगून झालं होतं. तिने त्रिशलाला पालिकेच्या इमारतीकडे बोट दाखवलं. आत काचेच्या पेटीत ती वही आहे, बासष्ट नावं, प्रत्येकासमोर एकच शब्द, ‘निरोगी’. एकसष्ट नावांपुढचा तो शब्द गाव वर्षातून एकदा खोटा पाडतं. “बासष्टावा आम्ही खराच ठेवलाय,” ती म्हणाली. “तिला शिक्षा व्हावी म्हणून त्याला अजून चिखलात उभा केलाय. तिला मरूनही दोनशे वर्षं झाली, आणि आम्हाला वाटतं, आम्ही न्याय केला.”

अण्णा लेकीला म्हणाले, “तिला इचार, मी सांडू काय? मी परका माणूस. गावावर बालंट येणार न्हाई.”

त्रिशलाने विचारलं. म्हातारीने अण्णांकडे पाहिलं, या वेळी राग नव्हता.

“तुम्ही सांडलात तर म्हणतील, पाहुणा होता, हातून चुकून सांडला. तो आमच्यातल्याच कोणीतरी, सगळ्यांसमोर, जाणूनबुजून सांडायला हवा. तीस वर्षं मी ठरवतेय. दर वर्षी पायरीपर्यंत जाते, उभी राहते. मग शेजारपाजारचे बघायला लागतात, आणि मी परत येते.”

आजही त्या रविवारी सान एपिफानियोच्या चौकात एकसष्ट पेले सांडले जातात, दगड ओले होतात, पाहुणे फोटो काढतात. बासष्टावा काठोकाठ भरून पायरीवर ठेवतात आणि नाव पुकारतात, ‘नासारिओ’. कोणी पुढे होत नाही. वाफ थांबते, वर तेलकट पापुद्रा धरतो, गर्दी जेवायला पांगते. ऊन उतरल्यावर देवळाचा सेवेकरी येतो, पेला दोन्ही हातांनी उचलतो, आणि पायाखाली नीट बघत, एक थेंबही न सांडता, आत घेऊन जातो.